विहिरीत शिकलेला नवरा

माझ्या नवऱ्याला उत्तम पोहता येतं, असं त्याच्या घरात सगळ्यांचं मत आहे. घरात मी त्याला अहो म्हणते, पण लिहायला बसलं की एकेरीच येतं, त्याला इलाज नाही. जन्म विक्रोळीचा, पण मे महिन्याच्या सुट्टीत मालवणजवळच्या गावी चुलत्याने पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकललं आणि हा शिकला. धाकटा दीरही तसाच शिकला. विहिरीत शिकलेल्या माणसाला जगातलं कुठलंच पाणी बुडवू शकत नाही, हा या घराचा सिद्धांत. दोघा भावांनी शेवटची विहीर कधी पाहिली होती, हे मात्र विचारायचं नाही.

मी शिकले चाळिशीनंतर, कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. चेंबूरला महापालिकेच्या स्विमिंग पूलमध्ये सकाळी बायकांची बॅच असायची. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला नुसतं पाण्यावर उताणं पडायला लावलं. दमलात, घाबरलात, की हातपाय मारू नका, उताण्या पडा, पाणी तुम्हाला धरतं, हे त्या रोज सांगायच्या. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवरा जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. पूलला तो हौद म्हणतो. हौदात म्हशी डुंबतात, असंही वर म्हणाला. त्यानंतर पोहण्यातलं काही मी त्याला सांगायला गेले नाही.

दर पावसाळ्यात एक रविवार आमच्याकडे धबधब्याचा ठरलेला असतो. मुलुंडच्या मागच्या डोंगरात तासभर चिखल तुडवला की एक ओढा लागतो. त्याच्या काठाने वर गेलं की दोन मजल्यांएवढ्या उंचीवरून पाणी पडतं आणि खाली डोह आहे. वाटेत ‘प्रवेश बंद’ लिहिलेला पत्रा आहे. लोक त्याला टेकून फोटो काढतात. अख्ख्या उपनगरातले ढेरपोटे बाप्ये तिथे उघडे होऊन हात पसरून उभे राहतात. घरात ज्यांना बादली उचलवत नाही ते शेवाळलेल्या दरडीवर चढतात, आणि बायका खाली बसून त्यांचे मोबाइल, घड्याळं आणि चपला सांभाळतात. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डोहातून कुणाला तरी दोरीने वर काढतात, ती बातमी हेच लोक सोमवारी ऑफिसात चवीने वाचतात.

आमची मंडळी स्वतःला त्या गर्दीतली समजत नाहीत. कारण ती आधी त्या जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. दीर नारळ घेऊन डोहाच्या काठाशी उभा राहतो, बाकीचे त्याच्यामागे हात जोडून.

“बा राखणदारा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज तुझ्या पाण्यात उतरतत. कोणाची काय चूकभूल झाली तर पदरात घे आणि सगळ्यांका सुखरूप घराक धाड रे म्हाराजा.”

मागून सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा.”

मग नारळ न फोडता पाण्यात सोडतात. जो पत्रा डोळ्यांना दिसतो तो वाचायचा नाही आणि जो राखणदार दिसत नाही त्याची परवानगी काढायची, याला आमच्याकडे श्रद्धा म्हणतात. मीही हात जोडते. नाही जोडले तर सासूबाईंपर्यंत पोचतं.

आता खोटं कशाला बोलू, त्या पाण्याची ओढ मलाही आहे. पूलच्या पाण्याला औषधाचा वास, तळाला निळ्या फरशा. इथे काठाशी पाय सोडून बसलं तरी पोटऱ्यांमधून थंडावा वर चढतो, मातीचा आणि कुजक्या पानांचा वास येतो आणि पाण्याच्या आवाजात घरच्यांचं बोलणं ऐकू येत नाही. हे शेवटचं सुख मोठं आहे. उतरावं, आडवं व्हावं, असं दरवर्षी वाटायचं. पण मी सलवार गुडघ्यापर्यंत वर करून, सगळ्यांच्या चपला मांडीशी घेऊन बसायची.

काही वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी मी नारळाकडे बघत होते. वाटलं होतं, ओढ्याबरोबर खाली वाहत जाईल. तो गेला नाही. डोहात एक गोल फेरी मारून तो धबधब्याकडेच सरकला, पडत्या पाण्याखाली गडप झाला, बऱ्याच वेळाने फेसातून वर आला आणि पुन्हा आत ओढला गेला. दीर म्हणाला, राखणदाराने मान्य करून घेतला. मी नवऱ्याला सांगितलं की वरचं पाणी आत ओढतंय, धबधब्याच्या बाजूला जाऊ नका, दमलात तर खालच्या अंगाला या, तिथे पाय टेकतात.

“हे हौदातल्या बाईंनी शिकवलं काय गं?” तो म्हणाला.

सगळे हसले. जाऊबाईही हसल्या, आणि त्यांना तर पाण्यात तोंड घालता येत नाही.

त्याने मोठ्या दगडावरून उडी मारली. विहिरीत काठावरून उडीच मारायची असते. वर आला, दोन-चार फेऱ्या मारल्या, काठावरच्या भावाला हाका मारून त्या दाखवल्या. मग दमला. पन्नाशीला आलेला, दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, दमणारच. विहिरीत दमलं की काय करायचं हे त्याच्या अंगात मुरलेलं: जवळची भिंत गाठायची आणि दगडाची खाच धरायची. विहिरीला चारही बाजूंना भिंत असते. डोहाला एकच होती, धबधब्यामागचा कातळ. तो सरळ तिकडे गेला.

कातळाला हात लागला आणि सुटला, कारण त्यावर बोटभर शेवाळ होतं. डोक्यावर पाणी कोसळत होतं. आधी मला वाटलं गंमत करतोय. मग त्याचं तोंड दिसलं आणि गंमत नाही हे कळलं. मी उठून उभी राहिले.

आणि उभीच राहिले. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला भीती वाटली नाही. माझ्या मनात स्वच्छ शब्द आले: पी जरा पाणी. दोन घोट पोटात गेले की माज उतरेल. त्याचा हात दुसऱ्यांदा सुटला तो मी पाहिला. तिसऱ्यांदा सुटला तोही पाहिला. मग डोकं खाली गेलं आणि वर आलं नाही, तेव्हा माझे पाय हलले.

माझी आणि जाऊबाईंची ओढणी एकमेकींना बांधली, एक टोक दिराच्या हातात दिलं, दुसरं कमरेला बांधलं आणि खालच्या अंगाने उतरले. तो फेसाच्या कडेला पालथा वर आला. मी त्याचं बनियन मानेजवळ धरलं. त्याने मला मिठी मारायला बघितलं तेव्हा त्याला ढकलून उताणा पाडला आणि दिराला ओढायची खूण केली. पाय टेकले तिथे त्याने गुडघ्यावर बसून पाणी ओकलं. जाऊबाई रडत होत्या. दीर ओढणीचं टोक मुठीत धरून तसाच उभा होता, सोड म्हटलं तरी सोडेना.

संध्याकाळी घरी पोचलो. सासूबाईंनी ओल्या ओढण्या बघून काय झालं म्हणून विचारलं. नवरा चप्पल काढता काढता म्हणाला, “ही घसरली पाण्यात. मी काढली.”

मी दिराकडे पाहिलं. तो खाली बघत पँटच्या दुमडीतला चिखल झाडत होता. जाऊबाई आत चहा टाकायला गेल्या. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या घेऊन माझी दृष्ट काढली आणि मला नवऱ्याच्या पाया पडायला लावलं. मी पडले. त्याच्या पायाच्या अंगठ्याला शेवाळाचा हिरवा डाग होता. इतकी किळस मला त्या माणसाची कधी आली नव्हती.

गणपतीपर्यंत ती गोष्ट वसाहतभर झाली. त्यात मी ओरडत होते, त्याने सूर मारला होता, आणि विहिरीत शिकलेलं कसं कामी येतं हे शेवटी होतंच. मी खोडून काढेन असं दिराला वाटत असावं, तो माझ्यासमोर बसायचं टाळायचा. मीही रोज ठरवायची की आज सांगते. मग वाटायचं, सांगितलं तर कुणीतरी विचारेल, तू तेव्हा कुठे होतीस.

गौरी गेल्या त्या संध्याकाळी मी पोळ्या लाटत होते. तो पाणी प्यायला आत आला आणि ओट्याशी थांबला.

“तू उभी होतीस,” तो म्हणाला. “मला दिसत होतीस.”

मी लाटणं थांबवलं नाही. “हो,” म्हटलं.

“पोहता येत होतं तुला.”

“येत होतं.”

तव्यावरची पोळी करपली, ती मी बाजूला काढली. मग त्याने पेला विसळून पालथा घातला, जे तो कधी करत नाही.

“मग मी सांगतो तेच राहू दे,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

धबधब्याला आम्ही त्यानंतर गेलो नाही. पाहुणे आले की तो अजून ती गोष्ट सांगतो. सांगताना माझ्याकडे बघत नाही. एखादी बाई माझा हात धरून म्हणते, नशीबवान आहेस गं, आणि मी हो म्हणते.