शनिवारचे दहा डॉलर

लॉकी गिलिस माझे दोन हजार डॉलर देणं लागत होता, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी त्याच्याविषयी चार शब्द बरे बोलेन, तेव्हा ते फुकटचं कौतुक नाही एवढं लक्षात असू द्या. मी एफी बीटन. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या एवढ्याशा गावात टपालाची खिडकी मी सांभाळते. लॉकी नि मी शाळेत एकाच वर्गात होतो.

गावात गिलिस इतके, की चर्चबाहेर 'लॉकी गिलिस' अशी हाक मारली तर चौघं वळून बघतील. म्हणून ज्याला त्याला टोपणनाव. या लॉकीला सगळे 'लॉकी अकरा' म्हणायचे. अकरा हा त्याचा नशिबाचा आकडा. होडीवर अकरा रंगवलेला, बिंगोत अकरा, घोड्यावर पैसे लावायचे तर अकराव्या. त्या नशिबाने त्याचं काय भलं केलं, ते मात्र कोणाला दिसलं नाही.

बारमधल्या जुगाराच्या मशीनने आधी त्याची होडी खाल्ली, मग बापाने ठेवलेला शेवंडं धरायचा परवाना खाल्ला, आणि मग गावाचे पैसे खाल्ले. कोणाकडून इंजिनासाठी म्हणून घेतले, कोणाकडून बर्नीच्या दातांच्या ऑपरेशनसाठी. बर्नी म्हणजे त्याची बायको. तिचे दात आजही ठणठणीत आहेत. माझ्याकडून घेतले ते आईच्या थडग्यावर दगड बसवायला. त्याच्या आईने मला विणायला शिकवलं होतं, मी एका शब्दाने विचारलं नाही. तो दगड कधी बसलाच नाही. पैशांपेक्षा त्या दगडाचा राग माझ्या मनात जास्त होता, आणि बरेच दिवस होता.

शेवटी बर्नी बॅग भरून दारात उभी राहिली, तेव्हा स्वारी सिडनीला गेली, ऑस्ट्रेलियातल्या नव्हे, आमच्याच बेटावरच्या. तिथे जुगार सोडलेल्या लोकांची दर सोमवारी बैठक भरते. त्यांच्यातले दोन जुने म्हातारे एके दिवशी लॉकीच्या घरी आले, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले, आणि त्यांनी बर्नीसमोर त्याच्याकडून एकेक देणं वदवून घेतलं. बर्नी सांगते, चहा तीनदा निवला. तरी नावं संपेनात. मग त्यांनी नियम घालून दिले. पैसा बर्नीच्या हातात. एकाचं फेडायला दुसऱ्याकडून घ्यायचं नाही. दर आठवड्याला प्रत्येकाला थोडं थोडं द्यायचं, स्वतः दारात जाऊन. आणि पैज म्हणून लावायची नाही, चर्चची सोडतसुद्धा नाही.

लॉकी दुसऱ्याच्या होडीवर गडी म्हणून जायला लागला, थंडीत लोकांच्या अंगणातला बर्फ उपसायला लागला. आणि शनिवारी सकाळी गल्लीच्या वरच्या टोकापासून दहा-दहा डॉलर वाटत यायचा. पहिल्या शनिवारी मी दार अर्धवटच उघडलं.

"टपालाने पाठवत जा," मी म्हटलं. "दारात यायची गरज नाही."

"टपालाच्या खिडकीत तूच बसतेस, एफी. माझं थोबाड बघण्यातून सुटका नाही तुझी."

मला हसू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. तरी आत घेतलं. चहा दिला, ओटची बिस्किटं पुढे ठेवली. जाताना म्हणाला, "आणखी एक. मला आता अकरा म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? शून्य?"

"चालेल."

नाव काही शून्य पडलं नाही, पण 'अकरा' मात्र हळूहळू बंद झालं. दोन वर्षं एकही शनिवार चुकला नाही. वादळात वीज गेली होती तेव्हाही गमबूट घालून आला होता.

मग गावाने एक्क्याचा खेळ काढला. गावाचा आगीचा बंब माझ्या लग्नाच्या वेळचा, चढ आला की धापा टाकायचा. नवा घ्यायचा म्हणजे पैसे उभे करायला हवेत. हॉलमध्ये मोठा फळा टांगला, त्यावर नंबर घातलेली बंद पाकिटं, प्रत्येकात पत्त्याचं एक पान. शनिवारी संध्याकाळी तिकिटं विकायची आणि एक चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव निघेल त्याला त्या दिवशीच्या विक्रीचा पाचवा हिस्सा नक्की, शिवाय फळ्यावरचं एक पाकीट फोडायचं. आत इस्पिकचा एक्का निघाला तर आठवडेच्या आठवडे साठलेली सगळी रक्कम त्याची. नाही निघाला तर ती रक्कम पुढच्या शनिवारसाठी आणखी फुगणार.

लॉकी स्वतः बंबाच्या पथकात. पण त्याने पथकाच्या प्रमुखाला, गॉर्डीला, पहिल्याच दिवशी सांगितलं, "मी आत पाऊल टाकणार नाही. बाहेर गाड्या लावतो." ऑक्टोबर येईतो रक्कम दीड लाखावर गेली, माणसं पार हॅलिफॅक्स शहरापासून यायला लागली, आणि लॉकी नारिंगी जाकीट घालून सगळ्या गाड्या शिस्तीत लावायचा. आत काय चाललंय याची त्याला पर्वा नव्हती असं मी म्हणणार नाही. तो हॉलकडे पाठ करून उभा राहायचा.

त्या शनिवारी बर्नी नि मी हॉलच्या स्वयंपाकघरात माशाचं सूप वाढत होतो. गॉर्डीने चिठ्ठी उचलली, चष्मा लावला, आणि लाऊडस्पीकरवर म्हणाला, "लॉकलन गिलिस." पुढे कंसात लिहिलं होतं तेही वाचलं, "अकरा."

बर्नीच्या हातातला डाव भांड्यात पडला. मला काही क्षण कळेचना. मग मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. रॉडी समोरच्या रांगेत लालबुंद होऊन हसत होता, आणि मला सगळं कळलं. माझ्या या शहाण्याने पाच डॉलरचं तिकीट लॉकीच्या नावावर घेतलं होतं.

"रॉडी," मी तिथूनच ओरडले, "तुझं डोकं गहाण पडलंय का?"

"अगं, त्याच्या भल्यासाठी!" तो म्हणाला. "आपल्याही!"

तोवर चार जणांनी लॉकीला बाहेरून ओढत आणलं होतं. टाळ्यांनी हॉल दणाणला. त्या दिवसाचा हिस्सा सहा हजारांच्या घरात होता. गावाचं उरलेलं देणं त्यात जवळजवळ फिटत होतं. वर आणखी एक पाकीट. लॉकी स्टेजवर चढला आणि त्याने फळ्याकडे पाहिलं. निम्मी पाकिटं गेली होती, पण अकरा नंबरचं तिथेच होतं. त्याची नजर तिथे थांबलेली मी पाहिली, बर्नीनेही पाहिली. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं.

खरं सांगते, माझ्या मनात तेव्हा एकच होतं. घे मेल्या, आणि माझे पैसे दे.

लॉकीने माइक घेतला. "हे तिकीट मी घेतलेलं नाही," तो म्हणाला. "गॉर्डी, दुसरी चिठ्ठी काढ."

हॉलमध्ये एकच गलका झाला. दुकानवाला अ‍ॅलेक उठून उभाच राहिला. "लॉकी, नऊशे माझे आहेत त्यात! तुझे पैसे तू सोड, माझे कसे सोडतोस?"

बोलणं चुकीचं नव्हतं. लॉकीने माइक दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, "मी ज्यांचं देणं लागतो त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. इतके झाले की बाहेरगावचे लोक हसायला लागले. मीही केला, हातात सुपाचा डाव होता.

"आज सकाळी यातल्या कोणाकडे यायचा राहिलो का?"

माना नकारार्थी हलल्या.

"पुढच्या शनिवारीही येईन. पण आज हे घेतलं ना, तर पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी बाहेर गाड्या लावत नसेन. इथे, या टेबलाशी तिकिटं घेत असेन. त्याच्या पुढच्या आठवड्यात बारमध्ये. आणि मग सकाळी तुमच्या दारात कोणी येणार नाही. मला माझी खात्री नाही, लेको. शनिवारची आहे."

हात एकेक करून खाली आले. अ‍ॅलेकचा शेवटी आला. "तू मूर्ख आहेस, लॉकी."

"आहे. पण दर शनिवारी येणारा मूर्ख आहे."

तो उतरला आणि बाहेर गाड्यांकडे निघून गेला. जाताना बर्नीकडे बघितलंसुद्धा नाही, कारण ती रडत होती आणि त्याला ते माहीत होतं. गॉर्डीने दुसरी चिठ्ठी काढली. हॅलिफॅक्सच्या कोणा बाईला सहा हजार मिळाले आणि चौकटची चव्वी. रॉडी आठवडाभर पाच डॉलर वाया गेले म्हणून कुरकुरला. मी आठवडाभर त्याला गारच जेवायला घातलं.

तीन आठवड्यांनी एक्का निघाला. ट्रुरोच्या एका दंतवैद्याला मिळाला, ज्याला पैशांची काडीइतकीही गरज नव्हती. त्याने ज्या पाकिटावर बोट ठेवलं, ते अकरा नंबरचं होतं.

त्या रात्री आमच्या गावाने जे केलं ते आधी कधी केलेलं नाही. सगळे गप्प बसले. कोणी ठरवलं नाही, कोणी कोणाला सांगितलं नाही. हॉलमधून बाहेर पडताना लोक लॉकीजवळून जात होते, "थंडी वाढली," म्हणत होते, आणि गाडीत बसत होते. दुकानात तो आला की हवेच्या गप्पा. मी टपालाच्या खिडकीत बसणारी बाई, गावातली अर्धी बातमी माझ्या तोंडून जाते. पण मीही तोंडाला कुलूप लावलं. त्याला कळून तो कोलमडला तर, ही भीती मला खरोखर वाटत होती. माझ्या उरलेल्या पैशांची नव्हे. त्या माणसाची.

शनिवारी सकाळी तो नेहमीसारखा आला. खुर्ची ओढली, बिस्कीट चहात बुडवलं.

"अकराच होतं ना?" तो म्हणाला.

माझ्या हातातली किटली थांबली. "कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. तेच तर! या गावात आठवडाभर कोणी काही बोललं नाही असं कधी झालंय? अ‍ॅलेकने मला काल चक्क मोफत सफरचंद दिलं."

"आणि बर्नी?"

"बर्नीने तीनदा पुडिंग केलं."

मी खाली बसले. "लॉकी, दोन लाखांवर रक्कम होती रे."

"माहीत आहे." त्याने बिस्कीट खाल्लं, बोटं पुसली. "ईस्टरपर्यंत उरले नसते, एफी. मीही उरलो नसतो. रात्रभर हिशोब करून बघितला. दुसरं काही उत्तर येतच नाही."

मग त्याने खिशातून नोट काढली आणि टेबलावर सरळ करून ठेवली. वीसची होती.

"बर्नीकडे सुट्टे नव्हते," तो म्हणाला. "दहा परत दे. तिला नेऊन द्यायचेत."