यवतमाळातली खोली आणि माझा दुपट्टा

पंचाहत्तरी ओलांडली की एस.टी.त तिकीट लागत नाही. तेव्हापासून घरात कुठलंही लांबचं काम निघालं की सगळ्यांची नजर माझ्याकडे वळते. यवतमाळात खोली शोधायचं काम असंच माझ्या गळ्यात पडलं. सोयाबीन सोंगणीला (कापणीला) आलं होतं. मुलगा प्रकाश आणि सून मीरा उजाडायच्या आत वावरात. घरात रिकामा असा मी एकटाच, निवृत्त मास्तर.

खोली हवी होती नातीसाठी. अश्विनी यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढते. आमचा बंजाऱ्यांचा तांडा दिग्रस-पुसद रस्त्याच्या आत आहे. रोज फाट्यापर्यंत बापाच्या मोटारसायकलवर, तिथून ऑटोनं दिग्रस, मग दारव्ह्यावरून यवतमाळची एस.टी., आणि स्टँडवर उतरून पुन्हा ऑटो. संध्याकाळी हेच उलटं, फक्त पुसदची गाडी थेट फाट्यावर सोडते. आमच्याकडे याला अपडाउन म्हणतात. दोन-तीन महिन्यांत पोर अशी झाली की ताटावरच पेंगायला लागली. मागच्या आठवड्यात बस वाटेत बंद पडली आणि ती फार उशिरा पोचली. फाट्यावर तिची वाट पाहत अंधारात उभ्या राहिलेल्या प्रकाशनं घरी येताच सांगून टाकलं, रविवारपर्यंत यवतमाळात खोली मिळाली तर ठीक, नाहीतर नोकरी सोडायची. अश्विनीनं ऐकून घेतलं. सकाळी डबा घेऊन नेहमीसारखी निघून गेली. तिचं ते न बोलणं मला झोंबलं.

शुक्रवारी मी निघालो. मीरानं ज्वारीची बाटी (आमच्या गोरबोलीत भाकरी) आणि ठेचा बांधून दिला. दिग्रस स्टँडवर गाडी लागली तशी माणसं दारावर तुटून पडली. मला आता दारात रेटारेटी जमत नाही. मी खिडकीखाली गेलो, खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आतल्या सीटवर टाकला. मग सावकाश, सगळ्यांच्या मागून चढलो. आत पाहतो तर एक जीन्सवाला पोरगा माझा दुपट्टा बाजूला सारून बसलेला.

मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरच्या बाई कडाडल्या, "काहो, दुपट्टा दिसून नाही राह्यला का?"

"मले वाटलं कोणाचा तरी इसरला असन," पोरगा म्हणाला.

"इसरला? रोज अपडाउन करतो आम्ही. बाबाजीनं सीट धरली आहे. उठा तुम्ही."

अर्धी गाडी त्याच्याकडे बघायला लागली. पोरगा उठला. या गाडीत लोक एकमेकांच्या पायावर पाय देतात, कोपरानं ढकलतात, पण टाकलेल्या रुमालाला हात लावत नाहीत. मी बसलो. दारव्ह्यापर्यंत डोळे मिटायचं म्हटलं, पण जमलं नाही. रस्ता जागोजागी उखडलेला होता, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, आणि माझी कंबर प्रत्येक खड्ड्याची नोंद घेत होती. मनात आलं, ही पोर हे रोज दोनदा करते.

यवतमाळला उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, त्याला दयामाया नसते. स्टँडजवळ आलूबोंड्यावर तर्री ओतून घेतली. दुकानदाराला विचारलं, इकडे खोल्या कुठे मिळतील? तो म्हणाला, "खोल्या लय हायेत बाबाजी, परवडणारी नाही भेटत. क्लासवाले पोट्टे आले अन् भाडे आभाळाले गेले."

पहिल्या घरावर पाटी टांगलेली होती, खोली भाड्याने देणे आहे. मालकानं खुर्ची दिली, पाणी दिलं, मुलगी काय करते ते विचारलं. मग नाव विचारलं. मी राठोड सांगितलं. गाव विचारलं. मी तांडा सांगितला. तो जरा थांबून म्हणाला, "खोली कालच लागली हो. पाटी काढायची राह्यली." मी उठलो. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तो पाटी सरळ करत होता. माझ्या वयाला राग आता लवकर येत नाही. थकवा मात्र लगेच येतो, तो आला.

दुसऱ्या घरी भाडं सांगायच्या आधी पाणी सांगितलं. "नळ रोज येत नाही. एका माणसाले दोन बादल्या. केस धुवायचे असन त आदल्या दिवशी सांगा लागते." भाडं ऐकलं आणि पोरीचा निम्मा पगार तिथंच ठेवून आल्यासारखं वाटलं. केस धुवायची परवानगी मागायला आमची अश्विनी काय शाळेत आहे? मी नमस्कार केला आणि निघालो.

तिसरी खोली स्वस्त होती, मोठी होती, समोर कडुनिंब होता. मन बसलं तिच्यावर. पण ती दारव्हा रोडला गावाच्या पार बाहेर. ज्या ऑटोनं गेलो त्याच ऑटोवाल्याला विचारलं, संध्याकाळी दवाखान्यातून इकडं यायला काय आहे?

"काही नाही," तो म्हणाला. "दिवस बुडला का इकडं सवारी नाही भेटत. आम्ही कायले येणार? चौकातून पायी या लागते."

मी मुद्दाम चौकापर्यंत पायी चालून पाहिलं. दोन्हीकडे मोकळे प्लॉट, दिव्याचा खांब नाही, गाजरगवत माझ्या कमरेइतकं. दिवसाढवळ्याच मी दोनदा मागं वळून पाहिलं. माझे आजोबा लदेणीच्या (बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून गावोगाव नेण्याच्या) गोष्टी सांगायचे. रोज नवा मुक्काम, पण उतरायच्या आधी कोणीतरी पुढं जाऊन वाट आणि पाणी पाहून यायचं. त्या कामाला त्यांच्या काळी पंचाहत्तरीचा म्हातारा पाठवत नसत, एवढाच फरक.

चौकात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून बाटी खाल्ली. पाय ठणकत होते. प्रकाशला फोन लावला, म्हटलं, तीन खोल्या पाहिल्या, एकही जमत नाही.

"मग या ना वापस, बा," तो म्हणाला. आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "नसन भेटत त राहू द्या. कायले हाल करून घेता?"

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोयाबीन तर एक निमित्त होतं. पोरानं मला पाठवलं होतं ते खोली मिळू नये म्हणून! म्हातारा दोन दारं हिंडेल, दमेल, परत येईल, आणि पोर घरी बसेल. मला भयंकर राग आला. आणि खरं सांगायचं तर राग अर्धा माझ्यावरच होता, कारण चालता चालता मलाही दोनदा वाटून गेलं होतं की नाही मिळाली तर बरंच आहे. तिच्याशिवाय आमच्या घरात बोलतं कोण?

चौथी खोली मी रागानंच शोधली. थेट दवाखान्यामागच्या गल्लीत शिरलो आणि दिसेल त्याला विचारत सुटलो. एका पानठेल्यावाल्यानं वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं.

घरमालकीण बाई एकट्याच राहत होत्या. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, पाठीत किंचित वाकलेल्या. खोली लहान होती. एक लोखंडी खाट, एक खिडकी, आणि खिडकीतून थेट अश्विनीच्या दवाखान्याचं मागचं फाटक दिसत होतं. भाडं जड होतं, पण एस.टी. आणि ऑटो सुटल्यावर झेपण्यासारखं. घराची स्वतःची बोअर होती. नाव, तांडा आणि मास्तरकी मी आधीच सांगून टाकली, उगाच पाणी पिऊन मग उठायला नको.

"राठोड असा नाही त अजून कोणी असा, मले काय," त्या म्हणाल्या. "पण पोरीच्या बापाले बोलू द्या माझ्याशी. मागच्या पोरीचा बाप आठ दिवसांत येऊन तिले घेऊन गेला. ते रडत गेली. मले नाही पाहवलं. संध्याकाळी दुसरे लोक येऊन राह्यले खोली पाहाले. बाप हो म्हणत असन तरच मी त्यायले नाही म्हणते."

मी पैसे काढले. त्यांनी मान हलवली. मी प्रकाशला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. त्यानं उचलला नाही. मी समजलो, आणि बाईही समजल्या. त्या दाराला धरून उभ्या राहिल्या.

मला काय सुचलं कोण जाणे. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि खाटेवर टाकला.

बाईंनी दुपट्ट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हसायलाच लागल्या. "गुरुजी, अर्धी जिंदगी मी दारव्ह्याले अपडाउन केलं. काय काय नाही टाकलं खिडकीतून. एकदा त डबाच टाकला, भाजी सगळी सांडली."

"मग रविवारपर्यंत?"

"रविवारपर्यंत कोणी हात नाही लावणार," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

संध्याकाळी पुसदच्या गाडीत अश्विनी चढली. मी तिच्यासाठी शेजारची सीट राखली होती, यावेळी पिशवी ठेवून. मला, आजोबाला, ती दादाच म्हणते. बसताच तिनं विचारलं, "दादा, दुपट्टा कुठं हाय तुमचा?" मी सांगितलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली. दारव्हा यायच्या आत ती माझ्या उघड्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. खांदा अवघडला, पण मी हललो नाही.

फाट्यावर प्रकाश उभा होता. त्यानंही पहिल्यांदा खांदाच पाहिला. "बा, दुपट्टा कुठं इसरले?"

"इसरलो नाही. पोरीच्या खोलीत टाकून आलो. फोन उचलला असता त तुले विचारून टाकला असता."

प्रकाश दिग्रसला कॉलेजात असताना याच फाट्यावरून अपडाउन करायचा. सीटवर पडलेल्या कापडाचा अर्थ त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. तो मोटारसायकलच्या हँडलवरून हात फिरवत राहिला. मग लेकीकडे न बघता म्हणाला, "रविवारी तिले सोडून देतो. येता येता दुपट्टा आणतो."

रविवारी तो तिची गादी, भांडी, पिठाचा डबा घेऊन गेला आणि एकटा परतला. दुपट्टा खुंटीला अडकवला. घरमालकीण कशी आहे, खोली कशी आहे? मीरानं दोनदा विचारलं, तेव्हा म्हणाला, "खिडकीतून दवाखाना दिसते."

सोमवारी दिवस बुडाला तसा त्यानं सवयीनं गाडीची किल्ली उचलली. दारापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. किल्ली परत ठेवायला वळला तेव्हा त्याचं तोंड पाहवत नव्हतं. खोली मीच मिळवून दिली होती. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी दुपट्टा खांद्यावर घेतला आणि म्हटलं, "चल, तरी जाऊन येऊ फाट्यावर. चहा घेऊ."

तो गाडीवर बसला. फाट्यावर आम्ही दोघं चहा घेत उभे राहिलो. पुसदची गाडी आली, थांबली. तिघं-चौघं उतरले. दार लागेपर्यंत आम्ही बघत होतो.