मालोजीरावांची कोरी स्कूटर

म्हैसुरात सरस्वतीपुरमच्या कोपऱ्यावर मालोजीरावांचं रेडियमचं दुकान. गाडीच्या मागे चिकटवायची अक्षरं, देव, झेंडे, सगळं ते ब्लेडनं हातानं कापत. गाडीची पाठ दिसली की मालकाची जात, पक्ष आणि लाडका नट त्यांना चेहऱ्याआधी कळे. एक प्रोफेसर तर दर निवडणुकीनंतर जुनं चिन्ह खरवडून घ्यायला येत, तेही मागच्या गल्लीतून. मालोजीरावांनी हे कुणाला सांगितलं नाही. स्वतःच्या स्कूटरवर मात्र तीस वर्षांत त्यांनी टिकलीएवढंही काही लावलं नव्हतं. दुकानदाराच्या गाडीनं तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नेम.

त्या साली बेळगावचा वाद पेटला आणि मराठी कानावर पडलं की लोक वळून बघू लागले. लाल-पिवळे कन्नड झेंडे कापून कापून मालोजीरावांची बोटं सोलून निघाली. त्यांच्या पत्नी भवानीबाई बाजारात मराठी बोलायच्या थांबल्या.

"अहो, सगळ्यांना लावून देताय, आपल्या स्कूटरला पण एक लावा की. सुम्ने, उगाच कशाला भांडण?"

"झेंडा माझाही आहेच गं. पण भिऊन लावू? पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते. आता मी इथला, हे झेंडा कापून दाखवायचं होय?"

बोलले खरं, पण आपण या गावाचे, असं आपल्यालाच वाटतंय की गावालाही, हे त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी कन्नडवाल्यांचा मोर्चा दुकानावरून निघाला. पुढे रिक्षा स्टँडवरचा चेलुवय्या. सकाळीच तो दुकानातून लाल कातरणं मागून घेऊन गेला होता. तो आणि आणखी तिघे स्कूटरपाशी थांबले, वाकले. मालोजीरावांनी हातातलं ब्लेड खाली ठेवलं. मग घोषणा देत सगळे पुढे गेले.

ते बाहेर आले. स्कूटरच्या मागे कन्नडमध्ये वेडीवाकडी अक्षरं होती: 'नम्म मालोजण्णा'. आमचे मालोजीअण्णा. कात्रीनं कशीबशी कापलेली, साबणाचं पाणी न लावताच चिकटवलेली, सगळीकडे हवेचे फुगे. असलं काम त्यांनी जन्मात दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं.

सवयीनं ते फुगे काढायला पाण्याची बाटली आणि पट्टी घेऊन उकिडवे बसले. एक फुगा बोटानं दाबून पाहिला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं तसे ते उठले आणि बाटली आत ठेवून आले.

पुढे स्कूटर धुताना त्या जागेला फडकं लावायची भवानीबाईंनाही बंदी होती.