जुलैची वाट बघणारी दाढ

ओमानमधल्या सोहारच्या आमच्यासारख्या घरांत जुलैआधी कुणी आजारी पडत नाही. म्हणजे ताप-खोकला चालतो, त्याला कंपनीचं इन्शुरन्स कार्ड आहे. पण दात आणि डोळे त्या कार्डात बसत नाहीत, आणि इथल्या डेंटिस्टचे दर ऐकूनच दात ठणकायला लागतात. म्हणून "सुट्टीत दाखवू" म्हणायचं आणि जुलैत गावी चिपळूणला पोचलो की सगळ्यांनी मिळून दवाखाने धरायचे. माझी कंबर आणि बायकोचा चष्मा कायम या रांगेत असतात.

माझं खरं वैर मात्र चिप्स-पराठ्याशी. गरम पराठ्यावर चीज फासायचं, वर चिप्सचा चुरा आणि गुंडाळी. चहाच्या दुकानासमोर हॉर्न वाजवला की माणूस गाडीपाशी आणून देतो. आमच्या आठ वर्षांच्या लेकीचा त्यात जीव. प्लांटमधून कितीही दमून आलो तरी यावर भाषण ठोकायला माझ्यात ताकद उरायची.

यंदा जानेवारीत लेकीने पराठा मागणं सोडलं. डब्यात मऊ दहीभात नेऊ लागली. माझी कॉलर ताठ झाली. शेजारी राहणाऱ्या, मूळच्या रत्नागिरीच्या चाचांना मी ऐकवलंही, "मुलांना नीट समजावलं की ऐकतात हो." चाचा म्हणाले, "माशाल्ला."  माझ्या भाषणांना एवढा गुण येईल यावर बायकोचा विश्वास नव्हता.

एका शुक्रवारी तिने बांगडे तळले. लेकीने आवडीची तुकडी बाजूला सारली आणि दहीभात मागितला. मी शाबासकी देणार तेवढ्यात बायकोने मोबाइलचा टॉर्च लावला आणि तिला आ करायला सांगितलं. मागच्या दाढेला काळं भगदाड पडलं होतं, हिरडी सुजली होती.

"कधीपासून दुखतंय गं?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला.

ती गोंधळली. "पण बाबा, जुलै कुठे आलाय अजून?"

 पोर एका बाजूने चावत आमच्या घराची रीत पाळत होतं, आणि मी त्याचं श्रेय घेत फिरत होतो.

दुसऱ्याच दिवशी इथल्याच डेंटिस्टकडे गेलो. दर विचारलाच नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही दुधाची नाही, कायमची दाढ आहे. जुलैपर्यंत काही टिकली नसती. दोन-तीन खेपांत त्यांनी ती वाचवली. बायकोने त्याच आठवड्यात चष्माही करून टाकला, मला न विचारता.

शेवटच्या खेपेनंतर काही दिवसांनी मीच चहाच्या दुकानासमोर गाडी थांबवून हॉर्न वाजवला. लेक माझ्याकडे बघतच राहिली. पराठा आला. मी रेडिओ बंद केला आणि मागच्या सीटवरची चिप्सची कुरकुर ऐकत राहिलो.

"दोन्ही बाजूंनी चावतेयस ना?"

"हो बाबा."