पौडचा निरोप

रुपाली सकाळपासून यंत्रासमोरून हलली नव्हती. वर डोंगरात पाऊस कोसळत होता, धरणाचे दरवाजे कुठल्याही क्षणी उघडणार होते आणि नदीकाठच्या गावांतले इशाऱ्याचे भोंगे पौडच्या कार्यालयातून तिलाच वाजवायचे होते. काठालगतच्याच एका वस्तीत तिची आई, केशरबाई, एकटी राहत होती.

गेल्या वर्षी या भोंग्यांची पार अब्रू गेली होती. पौडहून एकदा बोललं की सगळ्या गावांत एकदमच ऐकू जायचं. निरोप पौडचाच आहे हे ओळखता यावं म्हणून भोंगे बसवणाऱ्या कंपनीने गावोगावच्या भोंग्यांच्या पेट्यांत एकच गुप्त किल्ली, म्हणजे आकड्यांचा संकेत, घातली. काय ही अक्कल! जिने निरोप तपासायचा, तिनेच खोटा निरोपही बनवता येत होता. मग काय, जमिनीची मोजणी उधळायची म्हणून जमिनीच्या वादातल्या हैबतरावांच्या भावकीतल्या कुणीतरी गावची पेटी उघडली, किल्ली काढली आणि 'पाणी सोडलंय, पळा' असं साऱ्या काठावर घुमवलं. मोजणीवाले पळाले, तशी म्हातारी माणसंही पळाली. चिखलात पडून केशरबाईचा हात मोडला.

रुपालीने हट्टाने पद्धत बदलून घेतली. आता निरोप आधी कुलूपबंद जायचा आणि त्या एकाच निरोपापुरती असलेली किल्ली पौडहून मागाहून सुटायची. किल्ली गावात पोचेपर्यंत त्या कुलपात नवा निरोप घालायची मुदत संपलेली, त्यामुळे तिच्यावर खोटं काही रचता येत नसे; आधी आलेला निरोप तेवढा उघडायचा. किल्ली येईतोवर पेटी गप्प.

पाणी सोडण्याचा आदेश आला. तिने निरोप सोडला. मधले ते क्षण तिला खायला उठले. मग किल्ली गेली, भोंगे बोलले आणि तिने घाईने आईला फोन लावला.

"निघालीस का?"

"भोंगा वरडतोय, पर कुनी हाललं न्हाई. मागल्या खेपेला लई पळवलं आमाला."

"आई, आज खरं हाय. मीच सोडलाय निरोप."

"तू म्हणतीस म्हणून मी निघते. पर बाकीच्यांची लेक हाय का तितं पौडात? त्यांनी कुणाचं ऐकायचं?"

रुपालीला रडूच फुटलं. पेट्यांची खात्री पटवण्यात तिचं वर्ष गेलं होतं. माणसांची खात्री कुणी पटवलीच नव्हती.

"तू थांबू नको, चढावर जा!"

फोन चालूच होता. पलीकडे कडी वाजली. "आशालता, ऊठ गं! माझ्या रुपालीनं सांगितलंय!" मग दुसरी कडी, तिसरी. मग हाक आली, "गेणबा, दार उघड!"

गेणबाचं घर वस्तीच्या अगदी खालच्या टोकाला होतं, पाण्याला लागून.

"आई, वर जा! वर!" रुपाली ओरडत राहिली. केशरबाईच्या कानाला फोन नव्हताच.