आत्तींची आण आणि इटलीतला बर्फ

बेळगावाजवळच्या आमच्या येळ्ळुरात बर्फ कधी पडला नाही आणि पडणारही नाही. पण दुसऱ्या लढाईच्या त्या हिवाळ्यात आमच्या दारासमोरच्या कट्ट्यावर रोज सकाळी बर्फाचीच चर्चा असायची. किती पडला, कुठवर आला, कालच्यापेक्षा वाढला की बसला. मी घरातली नवी सून. दारात भांडी घासत बसायची आणि कान तिकडे लावायची. माझा नवरा त्या बर्फात उभा होता.

चर्चा करणारे दोघे, दोघेही पलटणीतून पेन्शनीवर आलेले. एकाला गाव फ्रान्सचे आप्पा म्हणायचं, कारण पहिल्या लढाईत ते फ्रान्सला जाऊन आले होते. दुसरे सरहद्दीचे अण्णा. त्यांची सगळी नोकरी पेशावरच्या पलीकडे, डोंगरात गेली होती. गावात बर्फ पाहिलेली जुनी माणसं ही एवढी दोनच, आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत होईल तर शपथ.

"फ्रान्सचा कसला बर्फ? त्यो चिखल," अण्णा म्हणायचे. "बर्फ बघावा तर सरहद्दीवर. माजं खेचर बुडालंतं, नुसतं कान वर."

"तुजं खेचरच बुटकं असंल," आप्पा म्हणायचे.

आमची पलटण इटलीच्या डोंगरात आहे असं कळल्यापासून दोघांना नवाच चेव आला. बेळगावात कॅम्पातल्या इस्पितळात लढाईवरून परत आलेले जखमी जवान असायचे. ह्या ना त्या निमित्तानं दोघे तिथं जायचे आणि त्या बिचाऱ्यांच्या खाटेशी बसून एकच विचारायचे: बर्फ किती व्हता? लढाई कशी चाललीय, कोण पडलं, कोण वाचलं, ते नाही. बर्फ किती! मग संध्याकाळी हिशेब घेऊन परत. त्यांची मापं अंगाचीच होती. घोटा, पिंढरी, गुडघा, मांडी, कंबर. एक म्हणायचा, गुडघाभर. की दुसरा लगेच, "गुडगा कुनाचा? त्यो हिंडलग्याचा पोरगा केवढा, अन् कंग्राळीचा केवढा! एकाचा गुडगा म्हंजे दुसऱ्याची मांडी."

मला त्यांचा भयंकर राग यायचा. तुमचा खेळ होतो आणि माझा जीव जातो, असं तोंडावर सांगावंसं वाटायचं. सांगायची सोय नव्हती. डोक्यावरचा पदर पुढे ओढून राख जोरात घासायची, एवढंच. पण खरं सांगायचं तर एखाद्या सकाळी दोघे कट्ट्यावर दिसले नाहीत की माझा घास घशाखाली उतरायचा नाही. आणि मापं मीही घ्यायला लागले होते. घरामागच्या परड्यात अंघोळीला बसले की स्वतःच्या पायाला हात लावून बघायची. आज इथवर. आमचे हे माझ्यापेक्षा वीतभर उंच. म्हणजे माझ्या गुडघ्याला लागला तरी त्यांच्या पिंढरीलाच असणार. एवढ्यावर मी दिवस काढायची.

आता आत्तींचं सांगायला हवं. आत्ती म्हणजे माझी सासू. मुलगा शेवटच्या रजेवर आला तेव्हा तिकडे थंडी फार असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी धनगराकडून लोकर आणली, कॅम्पातल्या एका बाईकडून मोज्यांचे जोड विणून घेतले. जाड, घोंगडीसारखे टोचणारे. निघायच्या सकाळी मुलाच्या हातावर दही घातलं आणि म्हणाल्या, "योक जोड न्हाय, दोन. एकावर एक. थंडी सरंस्तवर त्याबिगर बुटात पाय घालायचा न्हाय. माज्या गळ्याची आन हाय तुला."

आमच्याकडे आण म्हणजे काही तोंडाची वाफ नव्हे. ज्याच्या गळ्याची आण, त्याच्या जीवावर ती. मोडली किंवा खोटी घेतली तर तो माणूस जातो. आणि नको झाली तर ज्यानं घातली त्यानंच स्वतःच्या तोंडानं 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. पोरंसोरं खेळात दिवसातून चार वेळा घालतात आणि सोडवून घेतात. पण आत्तींनी जन्मात कुणाला आण घातल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांचा मुलगा आईचा शब्द मोडणाऱ्यातला नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली आणि मोजे ट्रंकेत ठेवले.

भातं झोडून झाली त्या सुमाराला, पहिला बर्फ घोट्याला लागला अशी बातमी कट्ट्यावर आली. मग पिंढरीची आली. मार्गशीर्षात गुडघ्याची. पौष लागला आणि एके सकाळी अण्णा लांबूनच ओरडत आले, "कंबर! कंबर! दोगंजन म्हनाले, दोगंबी उंच हाईत!" जणू लॉटरीच लागली. आप्पांनी मात्र त्या दिवशी वाद घातला नाही. ते सरळ आमच्या दाराशी आले. माझ्याकडे न बघता, भिंतीकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "सूनबाई, आमचा गडी पायात काय घालतोय गं तितं?"

मी सांगितलं. दोन जोड मोजे, एकावर एक, आत्तींची आण आहे म्हणून.

तेवढ्यात आत्ती आतून आल्या.

"वैनी, आन सोडा," आप्पा म्हणाले. "सरकारी बूट मापाचा असतोय. त्यात दोन जाड मोजं कोंबलं की पाय आवळतोय. रगत खाली उतरत न्हाय. मग बर्फ घोट्याएवडा असू द्या न्हायतर कमरंएवडा, बोटं काळी पडत्यात."

"तुमी रोज मापं घालताय बर्फाची," आत्ती म्हणाल्या. "तुमच्या दोगांचं एक माप कवा जुळलं का? अन् आता माज्या पोराच्या पायातलं मोजं काडायला आलाय? दोन घोंगड्या घ्येतल्या की ऊब जास्त का कमी? मला शिकवू नगा."

अण्णा मागून येऊन उभे होते. आप्पांना खोडायची आयती संधी होती, पण त्यांनी मान डोलावली.

आप्पा आमच्या पायरीवर बसले. गावात त्यांच्याबद्दल एक बोललं जायचं. देवळात ते कधी आत यायचे नाहीत, बाहेरूनच हात जोडायचे. पायातले कापडी बूट काढायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही, म्हणून पंगतीला बसायचेच नाहीत. फ्रान्सला जाऊन साहेब झालाय, देवापेक्षा बूट मोठा झालाय, असं लोक म्हणायचे. मीही म्हटलं होतं. त्या दिवशी त्यांनी बुटाची नाडी सोडली आणि पाय बाहेर काढला.

अंगठा होता. त्याच्या शेजारी काही नव्हतं. नुसता गुळगुळीत, तांबूस काठ.

"मीबी दोन घालत व्हतो," ते म्हणाले. "मला कुनी आनबी घातली न्हवती. माजीच अक्कल."

आत्ती त्या पायाकडे बघत राहिल्या. मी त्यांच्याकडे. मला वाटलं आता म्हणतील, आता म्हणतील. त्या मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता कशी सोडू? त्यो समोर न्हाय."

मी म्हटलं, मास्तरांकडून पत्र लिहवून घेऊ. पण त्या ऐकेनात. कागदानं आण सुटत नसते म्हणाल्या. लिहिणार मास्तर, वाचून दाखवणार भलताच कोणी, त्यात माझं तोंड कुठं आलं? चुकीची सुटली तर ती मोडल्यातच जमा. मी रडले, भांडलेसुद्धा. सासूशी भांडायची माझी ती पहिली वेळ. "त्यांचं पाय ग्येल्यावर सोडनार काय?" असं मी म्हटलं, आणि त्यांनी मला मारलं नाही, ह्याचंच मला आजही नवल वाटतं.

तोड काढली ती अण्णांनी. हिंडलग्याचा जो जवान इस्पितळात होता, तो बरा होऊन पुन्हा पलटणीकडे निघाला होता. अण्णा त्याला घेऊनच आले. कोवळा, दाढी नीट न फुटलेला गडी. आत्तींनी त्याला उंबऱ्याच्या आत, मुलगा जिथं उभा राहिला होता तिथं उभं केलं. त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, "बाळा, आता तूच त्यो. ऐक. सुटली. माजी आन सुटली. जाऊन त्येच्या कानात माज्याच शब्दात सांग."

"सांगतो, आक्का," तो म्हणाला. मी त्याला भाकरी-चटणी बांधून दिली. वाटेत उघडलं तर शब्द सांडेल अशा भीतीनं तो तोंड मिटूनच गेला.

मग वाट बघणं. तो मुंबईला पोचला असेल, बोटीत बसला असेल, उतरला असेल. कट्ट्यावर मापं चालूच होती, पण आप्पा आता बर्फ वाढला हे सांगायचे नाहीत, बसला तेवढंच सांगायचे. ते आमच्यासाठी खोटं बोलताहेत हे मला कळायचं. अण्णाही त्यांना खोडत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

शिमग्याच्या तोंडावर आत्तींना ताप भरला. साधा ताप, गावात बऱ्याच जणांना होता. बाकीचे उठले, आत्ती उठल्या नाहीत. लढाईवरच्या माणसाला असलं कळवायचं नसतं, असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. कुणी कळवलं नाही.

लढाई संपली. तरी पलटण परत यायला कितीतरी महिने गेले. ते आले ते दुपारचे, न कळवता, खांद्यावर ट्रंक घेऊन. मी तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन दाराशी धावले. बाहेरून आलेल्याच्या पायावर पाणी घालायची रीतच आहे, पण मी रीत म्हणून घालत नव्हते. त्यांनी बूट काढले, एकेक मोजा काढला, आणि मी बघितलं. दहा. दहाच्या दहा बोटं, काळी नाहीत, कुरतडलेली नाहीत. मला इतका आनंद झाला की तिथंच उंबऱ्यावर बसून त्यांचे पाय धुता धुता मी हसत सुटले.

ते हसत नव्हते. माझ्या डोक्यावरून आत बघत होते.

"आई कुटं हाय?"

मामंजींनी सांगितलं. ते रडले नाहीत. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा राहिला होता, तो माझ्या हातातच. त्यांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. संध्याकाळी मी परड्यात गेले तर तिथं दगडावर बसलेले.

"मी मारली तिला," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"मोजं काडलं मी. योकच घातला. बुटात पाय जाईना, ठनका लागला, चालता येईना. सुबेदार म्हनाला, एक काड. मी काडला. तवापास्नं रोज वाटायचं, आता घरचा कागुद येतोय."

"त्यो हिंडलग्याचा गडी भ्येटला न्हाय तुमास्नी?"

"कोन गडी?"

तो त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्याला दुसरीकडे कुठं पाठवलं, की वाटेतच काही झालं, ते आम्हाला पुढेही कळलं नाही. मी घाईघाईनं सगळं सांगितलं. आप्पांचा पाय, आत्ती, उंबरा, सुटली. ते ऐकत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

"कवा? कवा सोडली तिनं?"

तारीख-वार मला ठाऊक नव्हते, तिथले त्यांनाही नव्हते. मी विचारलं, "तुमी मोजं काडलं त्या दिवशी बर्फ किती व्हता?"

"घोट्याला. पयलाच पडलेला."

आत्तींनी आण सोडली ती कंबरेच्या बातमीनंतर. त्या कट्ट्यावरची सगळी मापं मला पाठ होती, एकही चुकणं शक्य नव्हतं. मधे पिंढरी होती, गुडघा होता, सबंध मार्गशीर्ष होता.

"मंग त्येच्या आदीच," मी म्हटलं. "हितं आजून बर्फाचं नावबी न्हवतं तवा. तुमी मोडली न्हाय. सुटलेलीच व्हती ती."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माज्या गळ्याची आन घे," ते म्हणाले.

गळा गरम होता. आत शीर उडत होती. मी हात काढला नाही.

"तुमच्या गळ्याची आन," मी म्हटलं. "आदीच सोडली."

त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पाणी मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी सगळा तांब्या एका दमात संपवला.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते आहेत, हिंडतात-फिरतात, शेतावर जातात. मी खोटं बोलले ह्याचं मला काडीइतकंही वाईट वाटत नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. पण त्यांना साधा खोकला झाला तरी मी रात्रभर त्यांच्या छातीशी कान लावून जागी असते. ही आण त्यांनी घातलेली, सोडायची तीही त्यांनीच. एकदा 'सुटली' म्हणा, एवढंच मला त्यांच्याकडे मागायचं आहे, आणि तेवढंच मागता येत नाही. ते विचारतील, का म्हणून?