आत्याची शिकवणी

उद्या जगातल्या सगळ्या कारखान्यांनी नवीन वस्तू बनवणं बंद केलं, तर त्याची खबर सगळ्यात शेवटी माझ्या आत्याला लागेल. वडिलांची ही चुलतबहीण पुणतांब्याला एकटी राहते आणि तिच्या घरात दुसऱ्याने आधी न वापरलेली अशी वस्तू म्हणजे फक्त रोजचं दूध. बसायला न्हाव्याच्या बंद पडलेल्या दुकानातली खुर्ची आहे. तिच्यावर बसून ती मेथी निवडते आणि दारात कोणी आलं की उठत नाही, नुसती गर्रकन फिरते. शिर्डीचं कुठलंसं लॉज मोडलं तेव्हा तिथून आणलेली ‘खोली सकाळी दहाला रिकामी करावी’ ही पाटी तिने ओसरीत लावली आहे, आणि आमचे एक व्याही ती वाचून खरोखरच साडेनऊला पिशवी घेऊन निघाले होते. चष्मासुद्धा कोणा दुसऱ्याचाच. “नंबर जवळपास जमतो,” म्हणते. मी एका दिवाळीला तिला कोरी साडी नेली, तर ती तिने शेजारणीला तीन महिने नेसायला दिली आणि मग परत मागून घेतली. वर मलाच ऐकवलं, “नव्या कापडाला काय ठावं असतं रे? त्याला बोलायलाच येत न्हाई.”

तेव्हा दोन वर्षांपूर्वी दारावर आलेल्या बोहारणीच्या गाठोड्यात तिने हात घातला, यात नवल नव्हतं. लोक बोहारणीला जुने कपडे देतात आणि भांडं घेतात. आत्याने घरातलं चांगलं पितळी पातेलं दिलं आणि कापड घेतलं. बोहारीण बिचारी पातेलं उलटंपालटं करून पाहत राहिली, कारण असा उलटा व्यवहार तिने जन्मात केला नव्हता.

ते कापड म्हणजे एका जुन्या गोधडीचं नुसतं वरचं अंग होतं. लुगड्यांचे, खणांचे, कुठल्याशा पोराच्या झबल्याचे तुकडे एकमेकांना जोडलेले, टाका तांदळाच्या कणीएवढा. आतले थर घातलेलेच नव्हते. एक कोपराही जोडायचा राहिला होता आणि तिथे दोऱ्यासकट गंजलेली सुई तशीच टोचलेली होती.

“आता ही मी पुरी करनार,” आत्या म्हणाली.

मला हसू आलं, कारण आत्याला शिवता येत नव्हतं. विहिरीची मोटर ती दुरुस्त करते, म्हशीचं बाळंतपण करते, पण सदऱ्याचं बटण लावायला शिंप्याकडे पाठवते. मी चेष्टेने कारण विचारलं आणि ती नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “आमची आई गेली तवा मी पाच वर्षांची हुते. गल्लीतल्या पोरी दुपारच्या आपापल्या आईपाशी बसून टाका शिकायच्या. मला दोरा ओवायला बोलवायच्या. डोळं चांगलं हुतं ना माझं.” मग मी हसलो नाही.

दिवाळीनंतर ती जी बसली ती गुढीपाडव्याला उठली. त्या गोधडीवाल्या अनोळखी बाईला तिने आपली शिक्षिकाच करून टाकलं. तिच्या टाक्याशेजारी आपला टाका घालायचा, दोन्ही ताडून पाहायचे आणि उसवायचं. मी गेलो की मला अहवाल मिळे: “बाई लई कडक हायेत. आज तीन येळा उसवाय लावलं.” कधी कौतुकही असायचं. “हितं बघ, लाल दोरा संपला तवा पांढरा घेतला, पन गाठ आत दडवली. कुनाला दिसायची न्हाई अशी.” राहिलेला कोपरा तिने चार वेळा उसवला. मग आत जुन्या साड्यांचे थर घालून कडेकडेने आत येत धावदोरा घातला. बोटांना भोकं पडली, तिथे हळद भरून पुन्हा बसायची. गोधडी पुरी झाली तेव्हा मी म्हटलं, आता पांघर. ती म्हणाली, “आदी बाईंना दाखवायला पायजे. शिकवलं त्यांनी, तर परीक्षा दुसरं कोन घेनार?”

ते कापड कुठल्या गावातून आणलं हे आठवायला बोहारणीला महिना लागला. मग आत्याला स्कूटरवर मागे बसवून मी वाकडीच्या बाजूच्या एका वस्तीवर गेलो. नवं स्लॅबचं घर होतं. दार उघडणाऱ्या त्या घरच्या सुनेने गोधडी पाहिली आणि ती गोंधळली. “हे घर बांधताना जुनं सगळं देऊन टाकलं बगा,” ती म्हणाली. “सासूबाईंचं हुतं ते. त्यांना जाऊन धा वर्षं झाली.”

 आत्या गोधडी पोटाशी धरून उभी राहिली. एवढ्यात आतून सुनेची नणंद आली. पन्नाशीची बाई, माहेरी चार दिवसांसाठी आली होती. तिची नजर गोधडीवर गेली आणि ती खालीच बसली.

“ही माझ्या बाळंतपनासाठी शिवायला घेतलेली,” ती म्हणाली. “मोतीबिंदू झाला आन् आईच्यानं पुरी झाली न्हाई. दर खेपंला हुडकते मी. कुनी पुरी केली?”

“तुमच्या आईनंच बरीचशी केलेली,” आत्या म्हणाली. “मी निस्तं आत कापड घातलं.”

बाईने गोधडी मांडीवर पसरली आणि एकेका तुकड्यावरून बोट फिरवलं. फिरवत फिरवत ती त्या कोपऱ्याशी आली, चार वेळा उसवलेल्या. तिथे थांबली. “हा बगा आईचा हात,” ती म्हणाली. “असा टाका दुसऱ्या कुनाला न्हाई जमायचा.”

मी तोंड उघडणार तोच आत्याने माझ्या पायावर पाय ठेवला. “व्हय,” ती म्हणाली. “त्यांचाच हाय.”

मग तिने चहा घेतला, सुनेजवळ घराचं कौतुक केलं, आणि गोधडी त्या बाईच्या मांडीवर तशीच ठेवून उठली. बाई दोनदा नको म्हणाली, पण तिचे हात गोधडी सोडत नव्हते.

 एरवी स्कूटरवर ती मोठ्याने खड्डे मोजते, परतताना एकही मोजला नाही. कालव्याच्या पुलावर तिने मला थांबायला सांगितलं. मला वाटलं, उतरायचं असेल. पण ती बसूनच राहिली, पाण्याकडे बघत.

“तिची आई गेली तवा ती चाळीसची तरी आसंल, न्हाई का रे?” तिने विचारलं.

“असेल,” मी म्हणालो.

“चाळीस वर्षं,” आत्या म्हणाली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, “चल.”